हळदीच्या गावात अणूचा तास

केमिस्ट्रीच्या डिपार्टमेंटमध्ये वर्षभरात बीकर फुटतात, पिपेट हरवतात, अॅसिडच्या बाटल्या रिकाम्या होतात. कमी न होता वाढत जातात ते फक्त किस्से! त्यांच्यासाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरावं लागत नाही, त्यांना कुलूप लागत नाही. चार रिकामटेकडी माणसं आणि एक चहाची किटली एवढ्या सामग्रीवर ते तयार होतात. वर्षं गेली की त्यांना रंग चढतो तो वेगळाच.

मी हिंगोलीच्या कॉलेजात लागले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. माझं माहेर लातूरचं, शिक्षण तिथलंच. आमचे हेड कावरखे सर. उंच, शांत, सेनगावकडच्या शेतकरी घराण्यातले. आवाज कधी चढायचा नाही, पण एकेक वाक्य असं टाकायचे की समोरचा घरी जाऊन हसायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी बी.एस्सी. सेकंड इयरचा सिलॅबस पुढे केला आणि शेवटच्या युनिटवर बोट ठेवलं. न्यूक्लिअर केमिस्ट्री. फिशन आणि फ्यूजन, म्हणजे विखंडन आणि संमीलन.

"हे युनिट कुणालाच नको असते," ते म्हणाले. "प्रॅक्टिकल न्हाई, डेमो न्हाई. दाखवावं त कॉलेज राहत न्हाई. तुमी नवीन हाव, तुमीच घ्या."

तेवढ्यात फिजिक्सचे हेड आत आले. म्हणाले, "अणूच्या आतलं आमच्याकडं पाहिजे. तुमच्याकडं काहून?"

कावरखे सरांनी त्यांना आधी चहा दिला. मग म्हणाले, "सर, बरोबर हाय तुमचं. अणूच्या आतलं तुमचं, बाहेरचे इलेक्ट्रॉन आमचे. पण पेपर तपासायचे कुणाचे, ते बोला."

पेपरांचा गठ्ठा आठवताच फिजिक्सवाल्यांनी अणू जागच्या जागी सोडून दिला!

* * *

पहिल्या वर्षी मी मास डिफेक्टला अडकले. युरेनियमचं केंद्रक फुटतं, दोन तुकडे होतात, दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. सगळ्यांचं वजन जोडलं तर ते मूळच्या वजनापेक्षा थोडं कमी भरतं. जे कमी भरलं, त्याची ऊर्जा झालेली असते. मी फळ्यावर आकडे मांडले, दशांश चिन्हाच्या पुढे चांगले लांबवर नेले. वर्ग माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच त्यातलं थोडं वजन खाल्लं असावं.

"समजलं?"

शेवटी मागच्या बाकावरचा बालाजी उठला. हा सेनगावजवळच्या खेड्यातला. इंग्रजी ऐकलं की घाम फुटायचा, पण डोकं चालू.

"मॅडम, एक इचारू? आमच्या बाची अन् चुलत्याची वाटणी झाली. वावर आधी मोजलं व्हतं. वाटणीनंतर दोघांचं मोजलं त बेरीज कमी भरली."

"मग? गेलं कुठे?"

"बांधात गेलं ना, मॅडम! मधी बांध घातला, तेवढी जमीन गेली."

अख्खा वर्ग ताठ बसला. मलाही सुचलं, मी म्हटलं, "छान. म्हणजे बांध हा तुमचा मास डिफेक्ट. पण आपल्या इथे तर त्या हरवलेल्या वजनाची ऊर्जा होते."

बालाजीनं क्षणभरही विचार केला नाही. "आमच्याकडंबी व्हते, मॅडम. दर साली त्याच बांधावरून पेटते!"

त्या वर्षी मास डिफेक्ट कुणाचाही चुकला नाही.

* * *

आमच्या स्टोअरमध्ये युरेनिल नायट्रेटची, म्हणजे युरेनियमच्या क्षाराची, एक छोटी बाटली होती. कुठल्या जमान्यातली, कुणी मागवली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पिवळीधमक पावडर. हळदीच्या मार्केटच्या गावात पिवळ्या पावडरचं कुणाला काय कौतुक! बाटली आपली वरच्या फळीवर निवांत बसलेली.

मग एका उन्हाळ्यात देशानं अणुचाचण्या केल्या. पेपरात, रेडिओवर, पानटपरीवर, जिकडंतिकडं तोच विषय. आमचे लॅब अटेंडंट गफारभाई, गेली कित्येक वर्षं तीच फळी पुसणारे. त्यांनी त्या दिवशी बाटलीवरचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं आणि बाटली दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून स्टाफरूममध्ये आले.

"साब, ये वोच है क्या?"

"वोच है," कावरखे सर शांतपणे म्हणाले.

गफारभाई मटकन खुर्चीत बसले. "मतलब इत्ते साल मैं बम पे फडका मार रहा था?"

मी घाईघाईनं समजावलं. हे साधं युरेनियम आहे, त्यात फुटणारा प्रकार अगदी नावापुरता असतो. शिवाय साखळी सुरू व्हायला ठरावीक वस्तुमान एका जागी जमावं लागतं, त्याला क्रिटिकल मास म्हणतात. गफारभाईंना पटत नव्हतं.

सर म्हणाले, "गफारभाई, आपल्या थर्ड इयरला पोरं किती?"

"होंगे साब, एक बेंच भर के."

"तिथं कधी काही पेटलं का?"

"नहीं साब."

"मग! तेच कारण."

गफारभाईंना ते बराबर समजलं. बाटली घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि वळून अगदी समाधानानं म्हणाले, "तभी तो उस कपाट में चूहे नहीं आते!"

* * *

चेन रिअॅक्शन मात्र करून दाखवायची, असं मी मनावर घेतलं. प्रत्येकाच्या हातात खडूचे दोन तुकडे दिले. नियम सोपा. तुम्हाला खडू लागला की तुम्ही तुमचे दोन सोडायचे. पहिला न्यूट्रॉन मी टाकणार.

मी टाकला. एकाला लागला, त्यानं दोन टाकले, दोघांनी चार. पुढचं मला दिसलंच नाही, कारण वर्गात पांढरा धुरळा झाला होता. पोरी बाकाखाली, पोरं बाकावर! अणुबॉम्बचं तत्त्व यापेक्षा स्पष्ट कुणी शिकवलं नसेल.

आणि दारात प्राचार्य उभे. एक खडू त्यांच्या कोटाला लागून खाली पडला. वर्ग एका क्षणात थंड. त्या शांततेत मागून आवाज आला, "मॅडम, कंट्रोल रॉड आला!"

प्राचार्य मराठीचे. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कंट्रोल रॉड म्हणजे काय?"

आवाज ऐकून बाजूच्या लॅबमधून कावरखे सर आले होते. तेच म्हणाले, "सर, अणुभट्टीतली सगळ्यात जबाबदार वस्तू. ती आत असली की भट्टी ताब्यात राहते."

प्राचार्यांचा चेहरा खुलला. खडूचा विषयच निघाला नाही. त्या साली गॅदरिंगला ते माइकवर म्हणाले, "मी या महाविद्यालयाचा कंट्रोल रॉड आहे!" सायन्सच्या पोरांनी मंडप डोक्यावर घेतला. आर्ट्सवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या, काही कळलं नव्हतं तरी.

टाळ्यांच्या आवाजात कावरखे सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "फक्त त्यायला एक सांगू नका. काम चालू ठिवायचं असलं त तो रॉड थोडा बाहेर वढावा लागते."

* * *

हिंगोली जिल्हा झाला त्यानंतरच्या परीक्षेतली गोष्ट. प्रश्न होता, विखंडनाची व्याख्या द्या आणि एक उदाहरण समीकरणासह लिहा. एका पठ्ठ्याला बेरियम, क्रिप्टॉन काही आठवलं नाही. पण जागा कोरी सोडायची नाही, हे मीच शिकवलेलं. त्यानं लिहिलं:

परभणी → परभणी (लहान) + हिंगोली + ३ पुढारी + भरपूर ऊर्जा

मी हसत तो पेपर सरांपुढे ठेवला. "याला काय द्यायचं?"

त्यांनी चष्मा लावला, नीट वाचलं. "व्याख्या बरोबर हाय. तुकडे दोन, बराबर. सुटलेले कण तीन, तेबी बराबर. अर्धा मार्क द्या."

"पूर्ण नाही?"

"चेन रिअॅक्शन लिहिली न्हाई ना त्यानं. ते तीन पुढारी आता बाहेर मोकळे हायेत. बघा, प्रत्येक जण एकेक तालुका मागते का न्हाई!"

* * *

एकदा तोंडी परीक्षा घ्यायला नांदेडहून एक एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले होते. कडक इस्त्रीचे कपडे, कडक इंग्रजी. आमच्या एका पोराला त्यांनी विचारलं, फ्यूजनला एवढं प्रचंड तापमान का लागतं? पोरगं उभं राहिलं, तोंड उघडलं, मिटलं. शेवटी एक्स्टर्नलना दया आली. म्हणाले, "बरं, मराठीत सांग."

मराठी म्हटल्यावर पोरगं मोकळं झालं.

"सर, दोन्ही केंद्रकं पॉझिटिव्ह असतेत. एकमेकाला जवळ येऊ देत न्हाईत. जसे आमच्या गावातले दोन पाटील. एक पारावर बसला की दुसरा उठून जाते."

"मग एकत्र येतात कसे?"

"जोरात पळाले, आदळले, त चिकटतेत सर. पळायसाठी टेम्परेचर पाहिजे. अन् साधं न्हाई. ग्रामपंचायतीत न्हाई भागत, विधानसभेचं लागते!"

एक्स्टर्नल पाणी पीत होते. त्यांच्या कडक शर्टाची इस्त्री गेली ती तिथंच.

* * *

डोंगरकडा गावच्या शाळेत विज्ञान दिनाला मला बोलावलं होतं. पोरांच्या मागे गावकरी मंडळीही येऊन बसली. किरणोत्सार म्हणजे काही फक्त बॉम्ब नव्हे, तो आपल्या आजूबाजूला थोडा थोडा असतोच, हे सांगण्याच्या भरात मी म्हणाले, "अहो, तुमच्या केळीतसुद्धा आहे! केळीत पोटॅशियम असतं, त्यातला अगदी कणभर भाग किरणोत्सारी असतो. त्यानं काही होत नाही."

कार्यक्रम संपला. चहाला थांबले तर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा जवळ आले. त्यांची केळीची बाग होती.

"बाई, ते केळीचं खरं हाय?"

"खरं आहे. पण घाबरायचं काही कारण नाही. तुमच्या-माझ्या अंगातही तेच पोटॅशियम आहे."

"म्या कुठं भेतो? म्या जलमभर खाल्ली." त्यांनी मागे वळून बघितलं. शाळेच्या कुंपणाला टेकून एक गृहस्थ विडी ओढत उभे होते. आजोबांनी आवाज खाली आणला. "खरं हाय ते खरं हाय. पण यापारी तिथं हुबा हाय. ट्रक भरून जाऊस्तोर जरा थांबता का?"

मी थांबले. विज्ञानाचंही काही अडलं नाही.

* * *

लोडशेडिंगची वर्षं तर विसरूच नयेत. दुपारचा तास. मी सूर्याबद्दल सांगत होते. तिथं हायड्रोजनचं हेलियम होतंय, अब्जावधी वर्षं अखंड फ्यूजन चालू आहे, एक क्षणही खंड नाही. नेमका तेव्हाच पंखा बंद पडला. पोरांनी वह्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली.

"बघा," मी म्हटलं, "एवढी वर्षं झाली, सूर्याची लाईट कधी गेली का? का नाही गेली?"

मला गुरुत्वाकर्षण हे उत्तर हवं होतं. एक पोरगी कपाळ पुसत म्हणाली, "तिथं वायरमन न्हाई, मॅडम!"

* * *

आता शेवटचा. हा आम्ही स्टाफरूममध्ये फारसा सांगत नसू. पण मला विचाराल तर सगळ्यात वरचा हाच.

शेवंता राठोड सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची. तांड्यावरून कॉलेजला आलेली पहिली मुलगी. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची, पण तास कधी चुकवला नाही. एकदा मी किरणोत्साराचे उपयोग शिकवत होते. अणुभट्टीत युरेनियम फुटतं, त्यातून सुटलेले न्यूट्रॉन साध्या कोबाल्टवर पडले की त्याचं कोबाल्ट-६० होतं, त्याचे किरण कॅन्सरच्या गाठीवर सोडतात. तास संपल्यावर ती बाकावरून उठलीच नाही.

"मॅडम, माझ्या याडीला हेच सांगितलंय." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "गर्भपिशवीची गाठ हाय. औरंगाबादला ह्याच किरणांचा शेक द्यावा लागल म्हणले. पण बा न्हाई म्हणून राहिला. कुणीतरी त्याला सांगितलं, हे बॉम्बाचं औषध हाय. बाईमाणूस जळून जाते म्हणे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"लवकर आलात त बरी व्हईल. उशीर केला त सांगता येत न्हाई."

मी बरंच काही समजावलं. तिनं मान खाली घालून ऐकलं आणि गेली. घरी तिनं माझं काहीच सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं. वडील, किसन राठोड, अंगणात इळ्याला धार लावत बसले होते. ही त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, "बा, ह्या इळ्यानं बोट कापते का न्हाई?"

"कापते."

"मंग फेकून काहून देत न्हाईस? गवत कशानं कापशील?"

किसनराव उठले. इळा भिंतीला अडकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन एस.टी. स्टँडवर उभे होते.

दोघं बरेच दिवस औरंगाबादला राहिले. शेवंताची आई, जमनाबाई, बरी होऊन परत आली. अशक्त होती, पण गाठ विरली होती. आम्ही शेवंताकडून पेढे खाल्ले.

पण थोड्याच दिवसांत शेवंता पुन्हा स्टाफरूमच्या दारात. डोळे लाल. "मॅडम, याडीजवळ कुणी बसून न्हाई राहिलं. हातपंपावर गेली की बाया घागरी घेऊन बाजूला होतेत. तिच्यात अणू भरलाय म्हणतेत. काकी तर लेकरू तिच्या मांडीवर देत न्हाई. रोज तिच्याकडंच राहायचं ते पोरगं. याडी म्हणते, हे व्हायचं व्हतं त वाचले काहून? म्या सांगते त पोरगी म्हणून सोडून देतेत. तुमी या."

रविवारी कावरखे सर आणि मी जीपनं तांड्यावर गेलो. लिंबाच्या झाडाखाली सगळे जमले. तांड्याचे नाईक, म्हातारी माणसं, बाया, लेकरं. जमनाबाई आपल्या दारात एकटी बसली होती. तिच्या आजूबाजूला ओसरीभर जागा मोकळी.

मी जमेल तेवढ्या सोप्या मराठीत सांगितलं. किरण मशिनीतून येतात, गाठीवर पडतात, मशीन बंद की किरण बंद. अंगात काही उरत नाही. बॅटरीचा उजेड अंगावर पडला म्हणून माणूस काही बॅटरी होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाईक म्हणाले, "बराबर हाय, बाई. पटलं." पण जागचं कुणी हललं नाही. जमनाबाईच्या जावेनं कडेवरचं लेकरू आणखी घट्ट धरलं.

मी कावरखे सरांकडे बघितलं. ते जमनाबाईच्या मोकळ्या ओसरीकडे बघत होते.

तेवढ्यात दारातून जमनाबाईचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"म्हणजे म्या बॉम्ब हाय म्हणता?"

तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "म्या बॉम्ब असते, त एवढ्या वर्सात ह्यो माणूस एकदा तरी मला भेला असता!"

आधी एक म्हातारी हसली. मग बायांमध्ये खसखस पिकली, मग नाईक, मग अख्खा तांडा. जाऊबाई तर हसता हसता पुढे येऊन ओसरीवर जमनाबाईच्या शेजारी टेकली, आणि कडेवरचं लेकरू तिच्या हातातून सुटून सरळ जमनाबाईच्या मांडीवर जाऊन बसलं.

एकटे किसनराव हसले नाहीत. सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबले. मग जमिनीकडं बघत म्हणाले,

"भेलो व्हतो की. तू दवाखान्यात व्हतीस तवा."